वाचकांचे प्रश्न : बोगद्याचा आकार आणि भोवतालचा खडक

बोगद्यांच्या आकाराविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच शंकेची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रांचा फक्त गाभा दिला आहे.

प्रश्न : मुलीकडे मडगावला जाताना मी नेहमी खिडकीजवळ बसते. कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या तोंडाशी भिंती सरळ आणि वर कमान दिसते. मुंबईतील भुयारी मेट्रोचे बोगदे मात्र पूर्ण गोल आहेत. रेल्वेचा डबा तर चौकोनी असतो. मग खोलीसारखा चौकोनी बोगदा का खणत नाहीत? खोदकामही कमी होईल. (चिपळूण येथील वाचक भगिनी)

उत्तर : डब्याच्या मापाने बोगद्याचा लहानमोठेपणा ठरतो हे खरे, परंतु त्याचा आकार डोंगर ठरवतो. बोगदा खणण्यापूर्वी त्या जागी असलेला खडक वरच्या डोंगराचे वजन खाली पोहोचवत असतो. तो काढून टाकला म्हणजे त्याच्या वाट्याचे ओझे नाहीसे होत नाही, ते शेजारच्या खडकावर जाते. पालखीच्या दांडीखालून एक भोई बाजूला झाला, तर त्याच्या खांद्यावरचे वजन उरलेल्या भोयांवर पडते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच बोगद्याची खरी भिस्त भोवतालच्या खडकावर असते. आतून दिसणारे काँक्रीट त्याला साथ देते, एवढेच. हे वाढलेले ओझे कोणत्या वाटेने वळेल आणि कोठे दाटेल, हे पोकळीच्या आकारावर अवलंबून असते.

आता खडकाचा स्वभाव पाहा. दाब सोसण्यात तो पक्का असतो आणि ताण सोसण्यात कच्चा. सह्याद्रीतील भरीव काळा पाषाण दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंपेक्षाही अधिक दाब पेलतो, पण त्याच पाषाणाची ताण सोसण्याची ताकद साधारण दशांशावर येते आणि जेथे मुळात फट आहे तेथे ती शून्यच असते. शहाबादी फरशी दोन विटांवर आडवी ठेवून तिच्या मधोमध वजन दिले, तर तडा खालच्या अंगाने सुरू होतो, कारण वाकताना फरशीचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो. बोगद्याचे सपाट छत म्हणजे अशीच एक मोठी फरशी होय. त्याच छताला कमानीचा आकार दिला की वजन कमानीच्या अंगाने दोन्ही बाजूंना उतरते, खडकाचे तुकडे एकमेकांवर रेटले जातात आणि ज्यात खडक पक्का आहे त्या दाबाचेच काम त्याच्याकडे राहते.

चौकोनातील दुसरी अडचण कोपऱ्यांची आहे. कुडत्याला दोन्ही बाजूंना जी चीर ठेवतात, तिच्या वरच्या टोकाशी शिंपी जास्तीचे टाके घालतो, कारण कापड फाटायचे असेल तर तेथूनच फाटते. ओझे वळसा घालून जाताना तीक्ष्ण कोपऱ्यापाशी असेच दाटते आणि तेथील खडक चुरडतो. कोपरा जितका टोकदार, तितकी दाटी अधिक. म्हणून कोपरे अटळ असतील तेथेही ते गोलसर ठेवण्याची पद्धत आहे.

राहिल्या सरळ भिंती. इंग्रजी डी अक्षर आडवे पाडल्यासारखा हा आकार म्हणजे डोंगर आणि कामाची सोय यांच्यातील तडजोड आहे. खोदताना मलबा उचलणाऱ्या गाड्यांना सपाट तळ लागतो, पुढे रूळ, गटारे आणि केबली यांनाही तो लागतो, आणि सरळ भिंतीत छिद्रे घेणे सोपे जाते. खडक चांगला आणि खोली माफक असली, तर सरळ भिंत व तिचा खालचा कोपरा खडक सहज सोसतो. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा ज्या पाषाणातून जातो, त्यात ही तडजोड रास्त आहे. सर्वच जमिनींत ती चालत नाही. त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे.

मेट्रोचे बोगदे यंत्राने खणलेले आहेत. आरे ते कफ परेड या 33.5 किलोमीटरच्या मार्गावरील दुहेरी बोगद्यांसाठी वापरलेल्या टीबीएमचे, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राचे, तोंड म्हणजे एक मोठी फिरती तबकडी असते. जे फिरते ते गोलच कोरणार. मागोमाग काँक्रीटचे तयार तुकडे जोडून गोल कडे बसवले जाते आणि कडे व खडक यांच्यामधील फट सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरून काढली जाते. शहराखाली कोठे कठीण पाषाण, कोठे ज्वालामुखीय ब्रेशिया (दगडांच्या तुकड्यांचा जमून झालेला खडक), कोठे मऊ शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) अशी सरमिसळ असल्यामुळे सगळीकडून सारखा आधार देणारे बंद कडे तेथे विशेष उपयोगी पडते.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्तुळाकार बोगदा सर्वांत सुरक्षित, असे आम्हाला शिकवले जाते. हे नेहमीच खरे असते का? (पुणे)

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न आपल्याला पडला याचा मला मनापासून आनंद झाला. आकडे घेऊनच पाहू.

समजा, बोगदा 150 मीटर खोल आहे आणि वरचा खडक पाण्याच्या 2.8 पट जड आहे. तेथे डोंगराच्या वजनाचा उभा दाब दर चौरस सेंटिमीटरला 42 किलो भरतो. पण खडक फक्त वरून दाबला जात नाही, बाजूंनीही दाबला जातो. हा आडवा दाब किती, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. वरच्या वजनाने खडक आडवा फुगू पाहतो आणि शेजारचा खडक त्याला फुगू देत नाही, एवढाच विचार केला तर आडवा दाब उभ्याच्या साधारण एक तृतीयांश येतो. स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी 1878 मध्ये असे मांडले की, फार खोलवर आणि दीर्घ काळात दोन्ही दाब सारखे होतात. पुढे 1950 च्या दशकात निल्स हास्ट यांनी स्कँडिनेव्हियातील खाणींत प्रत्यक्ष मोजमापे घेतली, तेव्हा थोड्या खोलीवर आडवा दाब उभ्यापेक्षाही मोठा आढळला. आपला भूपट्टही उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटत आहे, त्यामुळे आडवा दाब नगण्य धरणे आपल्याकडेही धोक्याचे आहे.

वर्तुळाकार छिद्राच्या कडेला किती दाब येतो, याचे गणित जर्मन अभियंता किर्श यांनी 1898 मध्ये मांडले. त्यानुसार दोन्ही दाब सारखे असतील, तर वर्तुळाच्या सगळ्या कडेवर दुप्पट, म्हणजे 84 किलो दाब येतो. कोठेही दाटी नाही, कोठेही ताण नाही. वर्तुळाची जी कीर्ती आहे ती या एका परिस्थितीतील आहे. आडवा दाब एक तृतीयांश असेल, तर भिंतींवर 112 किलो येतो आणि छताच्या माथ्यावर बरोबर शून्य. शून्य हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण छतातील फटी दाबून धरणारे बळच उरले नाही, असा त्याचा अर्थ आहे आणि सुटे दगड तेथूनच निखळतात. आडवा दाब याहूनही कमी झाला की माथ्यावर ताण सुरू होतो. उलट आडवा दाब उभ्याच्या दुप्पट असेल, तर छतावर पाचपट, म्हणजे 210 किलो येतो आणि भिंतीवर फक्त 42.

आता वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ घ्या. त्याचे गणित इंग्लिस यांनी 1913 मध्ये दिले आणि त्यातून एक सुंदर नियम निघतो. लंबवर्तुळाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर आडव्या आणि उभ्या दाबाच्या गुणोत्तराइतके ठेवले, की कडेवर सगळीकडे एकसारखा दाब येतो. आडवा दाब एक तृतीयांश असेल तेथे रुंदीच्या तिप्पट उंचीचा बोगदा आदर्श ठरेल. असा बोगदा अर्थातच कोणी रेल्वेसाठी खणणार नाही. पण उंची रुंदीच्या दुप्पट ठेवली तरी भिंतीवरचा दाब 112 वरून 70 वर उतरतो आणि छताला शून्याऐवजी 28 किलोंचा हवाहवासा दाब मिळतो. हेच लंबवर्तुळ आडवे पाडून रुंदी दुप्पट केली, तर भिंतीवर 196 किलो येतो आणि छतात 14 किलोंचा ताण निर्माण होतो. तोच खडक, तीच खोली, पोकळीही तेवढीच, आणि तरीही परिणामात एवढा फरक.

मग सरसकट उभी लंबवर्तुळे का खणत नाहीत? कारण आडवा दाब आपण समजलो त्यापेक्षा वेगळा निघाला तर काय होते ते पाहा. तो उभ्याच्या दुप्पट निघाला, तर त्याच उभ्या लंबवर्तुळाच्या छतावर नऊपट, म्हणजे 378 किलो दाब येतो. वर्तुळात तो 210 होता. वर्तुळाचा खरा गुण येथे दिसतो. दाबाचा अंदाज चुकला तरी वर्तुळ फारसे महाग पडत नाही. अंदाज पक्का असेल, मोजमापे हाती असतील, तर त्याहून चांगला आकार काढता येतो.

एक गोष्ट मात्र आपल्या वहीत ठळकपणे लिहून ठेवा. हे सारे गणित अखंड, फटी नसलेल्या खडकाचे आहे. दख्खनच्या पाषाणात 150 मीटरवर 378 किलोंचा दाब आला तरी अखंड दगड तो सोसतो. आपल्याकडे बोगद्यात अपघात होतात ते दगड चुरडल्यामुळे क्वचित. फटींनी सुटा झालेला ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली आल्यामुळे बहुधा. त्यामुळे आपल्याकडे आकार ठरवताना फटींच्या दिशा आणि थरांच्या पातळ्या आधी पाहाव्यात, दाबाचे गणित त्यानंतर. हिमालयात हा क्रम उलटतो. ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झालेला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे आणि त्याच्यावर काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक उंचीचा डोंगर आहे. तेवढ्या खोलीवर उभा दाबच 400 किलोंच्या पुढे जातो, कडेला तो दुप्पट झाला तर 800 च्या पुढे, आणि मऊ, पापुद्र्यांच्या खडकाला तो सोसत नाही. तेथे सरळ भिंत आत फुगते, म्हणून भिंतींनाही बाक द्यावा लागतो.

प्रश्न : आमच्याकडील जुन्या विहिरी बहुतेक गोल आहेत, पण डोंगराच्या कडेला खडकात खोदलेल्या काही चौकोनी आहेत. बोगद्याचाच नियम विहिरीला लागतो का? (जामखेड तालुक्यातील शेतकरी)

उत्तर : लागतो, आणि विहिरीत तो अधिक स्पष्ट दिसतो. विहीर म्हणजे उभा केलेला बोगदा. वरची माती, मुरूम चारही बाजूंनी सारख्याच जोराने आत रेटत असतात, म्हणजे मागच्या उत्तरातील दोन्ही दाब सारखे असण्याची ही स्थिती. वर्तुळाला सर्वांत अनुकूल हीच. गोल विहिरीच्या बांधकामातील दगड जरा आतून निमुळते घडवले, की माती जितकी रेटेल तितके ते एकमेकांत घट्ट बसतात. म्हणूनच चुना न वापरता रचलेल्या विहिरीही पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. चौकोनी विहिरीची भिंत मातीत असेल, तर ती मधोमध पोटासारखी पुढे येते आणि पावसाळ्यात तेथूनच ढासळते.

मोटेच्या दिवसांत धावेच्या (मोट ओढताना बैल उतरतात त्या उताराच्या) बाजूला विहिरीला थोडी सरळ भिंत लागे. ती भिंत जाड आणि घडीव दगडांची का करत, हे आता आपल्या लक्षात येईल. कठीण खडक लागल्यावर मात्र रेटणारे फारसे काही उरत नाही, आणि तेथे चौकोनी खोदाई निर्धास्तपणे करता येते. नवी विहीर खोदताना मुरूम किती खोलवर आहे ते पाहून तेवढा भाग तरी गोलच ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : अजिंठ्याच्या विहारांची छते सपाट आहेत आणि दीड हजार वर्षांनंतरही ती टिकून आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह मात्र कमानीचे आहे. मग सपाट छत वाईट कसे म्हणता येईल? (छत्रपती संभाजीनगर येथील शिक्षक)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे पहिल्या उत्तरातील विधानाला एक महत्त्वाची पुरवणी जोडावी लागते.

प्रथम कार्ल्याविषयी. तेथील चैत्यगृह सुमारे 38 मीटर लांब असून खांबांच्या रांगांसह एकूण रुंदी 14 मीटरांच्या आसपास आहे, आणि मधल्या दालनावर अर्धगोल, लांबट कमानीचे छत आहे. त्या छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आजही दिसतात. त्या खडकाला आधार देण्यासाठी नाहीत. कारागिरांना ठाऊक असलेल्या लाकडी सभागृहाचे रूप दगडात उतरवताना त्या आल्या. तेव्हा कमानीची निवड दाबाच्या विचाराने झाली, असे म्हणता येत नाही. पण जो आकार परंपरेने आला तोच खडकालाही मानवला, हे सुदैवच.

सपाट छत कसे टिकते, हे समजण्यासाठी आपल्या पाषाणाची घडण पाहावी लागते. दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पसरले आहेत. काही थर भरीव, जाड, काळ्या पाषाणाचे. काही ज्यांना आपण मांजऱ्या म्हणतो तसे भोकाळ आणि मऊ. आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारखा तांबडा मातकट थर असतो. छताच्या वर भरीव पाषाणाचा अनेक मीटर जाडीचा एकसंध थर असेल, तर ती फरशी इतकी जाड असते की तिच्यात येणारा ताण किरकोळ राहतो. 10 मीटर रुंदीच्या छताला 1 मीटर जाडीचा थर असेल, तर नुसत्या स्वतःच्या वजनाने त्याच्या खालच्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 21 किलो ताण येतो. जाडी 5 मीटर असेल, तर तोच ताण 4 किलोंच्या आसपास उतरतो. शिवाय थराला मधे उभ्या चिरा गेल्या तरी तो लगेच कोसळत नाही. दोन्ही टोके घट्ट धरलेली असतील, तर चिरांमधील तुकडे एकमेकांवर रेटतात आणि सपाट दिसणाऱ्या थराच्या पोटात एक न दिसणारी उथळ कमान तयार होते. विहारांतील खांबांच्या रांगांनी मधला पल्लाही लहान केला आहे, हेही लक्षात घ्यावे.

पण वरचा थर साथ देणारा नसेल तर काय होते, हेही अजिंठ्यातच दिसते. क्रमांक 4 चे लेणे तेथील सर्वांत मोठा विहार आहे. खडकातील दोषामुळे त्याचे छत कोसळले, तेव्हा कारागिरांनी आणखी वरपर्यंत खोदून छत उंचावले आणि तो दोष ओलांडण्याचा प्रयत्न केला. हे काम पूर्ण झाले नाही, पण त्या निर्णयामागची समज मला थक्क करते. खराब थराखाली छत टेकवून ठेवण्यापेक्षा तो थर काढून टाकून वरच्या चांगल्या थरापर्यंत जाणे, हाच उपाय आजचा अभियंताही सुचवतो.

येथे मला स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. उमेदवारीच्या काळात मी सह्याद्रीतील एका जलबोगद्याच्या कामावर होतो. नकाशावर छत सुबक कमानीचे होते. काही अंतरावर तांबडा थर कमानीच्या माथ्यापासून हातभर वर आला. प्रत्येक सुरुंगानंतर धूर निवळल्यावर आत गेलो की कमान नाहीशी झालेली असे आणि वर तांबड्या थराचा सपाट, ओलसर तळ दिसे. पहारीने सुटे दगड पाडणारा अनुभवी मुकादम पहारीचे टोक छतावर आपटून आवाज ऐकत असे. खणखणीत आवाज आला की पुढे सरके, भद्द आवाज आला की सगळ्यांना मागे घेई. आम्ही नकाशाप्रमाणे कमान साधण्याचा हट्ट आठवडाभर चालवला, तुटलेला भाग काँक्रीट फवारून भरला, आणि हवा व पाणी लागल्यावर भुसभुशीत झालेल्या तांबड्या थरासह ते काँक्रीटही खाली आले. सुदैवाने त्या पाळीत खाली कोणी नव्हते. शेवटी तांबडा थर पूर्ण काढून वरच्या भरीव पाषाणाच्या तळालाच छत मानले, त्याला रॉकबोल्ट (खडक बांधून धरणाऱ्या पोलादी सळ्या) मारले, आणि बोगदा स्थिरावला. छत सपाट होते आणि नकाशापेक्षा मीटरभर उंच होते. आडव्या थरांच्या खडकात तोच त्या जागेचा योग्य आकार होता.

प्रश्न : मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या नव्या जोडरस्त्यावरील बोगदा फार रुंद असल्याचे वाचले. रुंदी वाढली की धोका किती वाढतो? एका मोठ्या बोगद्याऐवजी दोन लहान खणणे बरे नाही का? (ठाणे)

उत्तर : त्या मार्गावरील मोठा बोगदा सुमारे 9 किलोमीटर लांब असून त्याच्या दोन समांतर नळ्यांपैकी प्रत्येकीची रुंदी 20 मीटरांहून अधिक आहे. म्हणजे तेथे दोन बोगदे आहेतच, आणि दोन्ही रुंद आहेत.

रुंदी दुप्पट केली की धोका दुप्पट होतो, असे सरळ प्रमाण येथे नसते. थर तेवढ्याच जाडीचा असेल, तर सपाट छतातील ताण रुंदीच्या वर्गाने, म्हणजे चौपट वाढतो. 10 मीटर छताच्या उदाहरणातील 21 किलो 20 मीटरांना 84 होतात. कमानीच्या छताखालीही निखळू शकणाऱ्या ठोकळ्याचा आकार त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे रॉकबोल्ट अधिक लांब आणि अधिक दाट लागतात. आणखी एक गोष्ट वेळेची. खोदल्यानंतर खडक आधाराविना किती वेळ उभा राहतो, याचा अभ्यास ऑस्ट्रियातील लाउफर यांनी 1958 मध्ये मांडला. आधाराविना सोडलेला पल्ला वाढला की हा अवधी झपाट्याने घटतो, एवढे त्यातील मर्म आहे. म्हणून रुंद बोगदा एका दमात खणत नाहीत. आधी वरचा कमानीचा भाग काढून त्याला आधार देतात, मग खालचा भाग उतरवतात. खडक दुबळा असेल तर वरचा भागही उभ्या पट्ट्यांत विभागून एकेक पट्टी पुढे नेतात.

आकाराच्या दृष्टीने खरी चिंता वेगळीच आहे. रस्त्याला रुंदी लागते, उंची फारशी लागत नाही, त्यामुळे खर्च वाचवण्यासाठी कमान चपटी करण्याचा मोह होतो. आडव्या लंबवर्तुळाच्या छतात ताण कसा येतो, हे वरच्या आकड्यांत आपण पाहिलेच आहे. कमानीला पुरेशी उंची देण्यासाठी काढलेला जादा खडक वाया गेला, असे मला कधीच वाटत नाही. तो खर्च पुढे पोलाद आणि काँक्रीट यांत वाचतो.

दोन लहान बोगदे बरे, पण त्यांच्यामधील खडकाची भिंत दोघांचेही ओझे वाहते. सगळीकडून सारखा दाब असलेल्या गोल बोगद्याच्या कडेला तो दुप्पट होतो. कडेपासून एका त्रिज्येइतके आत गेल्यावर वाढ 25 टक्के उरते, दोन त्रिज्यांइतके गेल्यावर 11 टक्के. म्हणून दोन बोगद्यांच्या मध्ये निदान एका बोगद्याच्या रुंदीइतका खडक ठेवावा, असा साधा ठोकताळा आहे. सुटकेसाठी दोन्ही नळ्या जोडणारे आडवे मार्ग जेथे मिळतात, तेथे कमान कापली जाते, त्यामुळे त्या तिठ्यांवर आधार सर्वांत आधी आणि सर्वांत भक्कम द्यावा लागतो.

प्रश्न : आमच्या पेडण्याच्या बोगद्याला सतत अडचणी का येतात? आकार चुकला होता का? (पेडणे, गोवा)

उत्तर : आकाराला दोष देण्यापूर्वी तेथील जमीन पाहावी लागेल. कोकण रेल्वेचे बहुतेक बोगदे पाषाणातून गेले, पण पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा पाण्याने भिजलेल्या मऊ, चिकणमातीसारख्या जमिनीतून काढावा लागला. बांधकामात तो वारंवार ढासळला आणि जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या अडथळ्यांत त्याची गणना झाली. पुढे ऑगस्ट 2020 मध्ये त्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि जुलै 2024 मध्ये आत पाणी व चिखल शिरल्याने गाड्या थांबवाव्या लागल्या. या घटनांची जबाबदारी एकट्या आकारावर टाकणे न्याय्य होणार नाही. पाणी हे तेथील मोठे कारण आहे.

अशा जमिनीत आकाराची भूमिका काय असते, एवढे मात्र सांगता येईल. पाषाणात ओझे वाहणारा मुख्य घटक खडक असतो. मऊ, भिजलेल्या मातीत ती क्षमताच नसते. माती चारही अंगांनी आत सरकते आणि तळातूनही वर फुगते. पहिल्या उत्तरातील सरळ भिंती आणि सपाट तळ येथे टिकत नाहीत, कारण भिंतींचे पाय आत सरकू नयेत म्हणून त्यांना अडवणारे खाली काहीच नसते. पाय आत सरकले की वरची कमान फाकते, मग ती कितीही सुबक असो. उपाय म्हणजे भिंतींना बाहेरच्या अंगाला बाक देणे आणि तळाला उलटी कमान घालून सगळे कडे बंद करणे. हे कडे लवकर बंद झाले पाहिजे. वरची कमान फार पुढे नेऊन तळ मागे उघडा ठेवला, तर मधल्या दिवसांत जमीन सरकून घेते, आणि एकदा सैल झालेली माती पुन्हा घट्ट होत नाही.

उलटी कमान रुळांखालच्या खडीत आणि काँक्रीटमध्ये गाडलेली असते, त्यामुळे प्रवाशाला ती दिसत नाही. तिची एक अटही आहे. कडे बंद केले की बाहेर साठणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही आणि त्याचा दाब तळावर सर्वांत अधिक येतो, कारण तेथे पाण्याची उंची सर्वाधिक असते. म्हणून एकतर पाण्याचा पूर्ण दाब सोसेल इतके कडे जाड करावे लागते, किंवा कड्यामागून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या ठेवून त्या दर पावसाळ्यापूर्वी गाळमुक्त कराव्या लागतात. चिकणमातीच्या जमिनीत या नळ्या फार लवकर बुजतात.